वेरेदियाना मावशीचे घोट

राजधानी किगालीहून सिनेमावाले आमच्या टेकडीवरच्या गावात आले आणि सगळ्यांनाच आपापलं शौर्य आठवायला लागलं. चौऱ्याण्णव साली ज्यांनी आतून कडी घातली, तेसुद्धा सांगायला लागले, "कडी घातली खरी, पण मोठ्या धैर्यानं!"

सिनेमा वेरेदियाना मावशीवर होता. आमच्या जमातीच्या कत्तलीच्या दिवसांत या शेजारणीनं मला आणि माझ्या आईला वाळल्या घेवड्याच्या ढिगाखाली लपवलं होतं. सोळा जण कोयते घेऊन आले. मावशीनं मेलेल्या नवऱ्यानं गाळून ठेवलेली केळ्याची दारू काढली आणि म्हणाली, "बसा, दमला असाल." आमच्यात यजमानानं आधी घोट घेतल्याशिवाय पाहुणा पेल्याला तोंड लावत नाही. विष नाही ना, ही खात्री. सोळा पेले, सोळा घोट. मावशी जन्मात दारूला न शिवलेली. आमचं चर्च तर दारूला सैतानाचं मूत मानतं! तिला चढली. ती हसली, गायली, आमच्या नावानं तिनं शिव्या घातल्या. ते खुशीत निघून गेले.

मग "खुन्यांबरोबर प्यायली" म्हणून चर्चनं तिला शेवटच्या बाकावर बसवलं. कापणारे कबुली देऊन, तुरुंग भोगून आले, ते दुसऱ्या बाकावर. रक्त धुतलं जातं हो, दारूचा वास तेवढा जात नाही! आणि मी, वाचलेली म्हणून मानानं पहिल्या बाकावर. गप्प. तिचं ते हसणं मी ढिगाखालून ऐकलं होतं आणि जीव वाचवणारीवरच डूख धरला होता. सांगायला लाज वाटते.

मावशीनं दिग्दर्शकाला एकच सांगितलं, "बाबा, माझे घोट तेवढे दाखव. का प्यायले ते कळू दे लोकांना. मरायच्या आधी एकदा पुढं बसायचंय मला."

दिग्दर्शक गोरा, मनानं हळवा. त्यानं डोळे पुसले आणि दारू काढून टाकली. नायिका पिताना बरी दिसत नाही म्हणे! त्याऐवजी ती दारात उभी राहून भाषण देते.

"अगं, भाषण दिलं असतं तर तिघींची खांडोळी झाली असती," मावशी मला म्हणाली.

त्या सोळांतला तेलेस्फोर, अकरा वर्षं आत काढून आलेला, सिनेमातल्या खुन्याच्या कामासाठी रांगेत उभा राहिला. चेहरा भोळा म्हणून नापास झाला.

शेवटी चर्चमध्येच चादर बांधून सिनेमा दाखवला. भाषण झालं, पडद्यावरच्या खुन्यांनी कोयते टाकले, ढसाढसा रडले. टाळ्यांचा कडकडाट! पाद्रीबाबांची टाळी सगळ्यांत मोठी. मावशी मात्र शेवटच्याच बाकावर. माझं डोकं फिरलं.

"खोटं आहे हे!" मी उठून ओरडले. "भाषणबिषण काही नव्हतं. सोळा घोट होते, ढिगाखालून मी मोजलेत. आमच्यासाठी प्यायली ती!"

"दोनाता, खाली बस," पाद्रीबाबा म्हणाले. "पाहुणे आलेत."

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून तेलेस्फोर उठला. टोपी हातात, मान खाली.

"सतरा," तो म्हणाला. "मला संशय होता. मी तिला दोनदा प्यायला लावलं."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मावशी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"मोजले होतेस ना गं?" ती म्हणाली. "मग तीस वर्षं तोंड का शिवून बसलीस?"

मी पहिला बाक सोडला आणि मागं गेले. मावशी थोडी सरकली, आणि मी तिच्याशेजारी बसले.