हे घसरले तो ओक

शुभा गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा मी गॅरेजमध्ये तिचं दगडफूल वाळत घालत होतो. सकाळी तिनेच मला घरी हाकललं होतं. "इथे बसून माझ्या नळ्या काय मोजताय? पाकिटं ओली आहेत, बुरशी येईल." ती लवकरच घरी येणार, असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो.

रिटायर झाल्यावर तिला हा नाद लागला. अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावाहून उत्तरेला डोंगरात जायचं, झाडांवरचं, खडकांवरचं दगडफूल चाकूने खरवडून कागदी पाकिटात घालायचं आणि विद्यापीठाच्या हर्बेरियमला द्यायचं. तिथे असे वाळवलेले नमुने जागा आणि तारखेसह जपून ठेवतात. खाली गोळा करणाऱ्याचं नाव असतं. मी ड्रायव्हर. "आता किलोभर गोडा मसाला कर," असं मी दर खेपेला म्हणायचो.

काही आठवड्यांनी हर्बेरियमची शिवांगी पाकिटं न्यायला आली. नागपूरची मुलगी, तिथे पीएचडी करते. पाकिटं वाचता वाचता ती ओठ चावायला लागली.

"काका, हसू का?"

"हस."

"'हे घसरले तो ओक.' 'हे चिडले तो पूल.' 'ह्यांची टोपी उडाली तो खडक.'"

शुभाने माझं नाव कधी घेतलं नाही, ती लिहील कुठून? जागा घरी येऊन नीट लिहीन, म्हणायची.

शिवांगी गंभीर झाली. "बाकी सगळं परफेक्ट आहे. पण जागा नसेल तर नमुना ठेवत नाहीत, काका. टाकून देतात."

"आणि शुभाचं नाव?"

तिने हातातलं पाकीट बाकीच्यांवर ठेवलं.

"शनिवारी चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "मी कुठे पडलो ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?"

ओक लगेच सापडला. शिवांगीने फोनवर जागा नोंदवली आणि खाली पाहिलं.

"इथे घसरलात? यार काका, हे तर सपाट आहे!"

"पाऊस होता."

तिने पाकीट वाचलं. "काकूंनी 'हवा कोरडी' लिहिलंय."

"तिला नको तिथे खरं लिहायची खोड होती."

पूल सापडला. खडकही सापडला, टोपी अजून खालच्या घळीत होती. संध्याकाळपर्यंत एकच पाकीट उरलं. त्यात फांदीवरून लोंबणारं, पांढऱ्या दाढीसारखं दगडफूल होतं. वर लिहिलं होतं, 'हे हसले तो पाईन.'

"काका, हसलात? तुम्ही?"

"हसलो होतो." मला सगळं आठवत होतं. शुभाने ती दाढी हनुवटीला लावली होती आणि माझ्या आवाजात म्हणाली होती, "शुभा, उशीर होतोय, गाडीत बस!" मी पोट धरून हसलो होतो.

"मग तो पाईन कोणता?"

समोर सगळा डोंगर पाईनचाच होता.

"मी तिच्याकडे बघत होतो," मी म्हणालो. "झाडाकडे नाही."

बाकीची पाकिटं हर्बेरियमने ठेवून घेतली, शुभाच्या नावाने. हे एक मी शिवांगीकडून मागून घेतलं. दर शनिवारी ते खिशात घालून डोंगरात जातो.

त्याच्यावर जागा लिहायची अजून राहिली आहे.