माणूस निघालेला आहे

समोरच्या काचेवरील पारदर्शक स्टिकरचा एक कोपरा उन्हाने सुटला होता व खिडकीतून वारा आला की तो किंचित थरथरत होता... आतून त्याची अक्षरे उलटी दिसत. तथापि प्रेमदासला ती मुखोद्गत होती — रस्त्यात कोठेही, केव्हाही, फक्त एक फोन. त्याने तो कोपरा अंगठ्याने दाबून धरला. अंगठा काढताच तो पुन्हा उचलला गेला.

गाडीचे पुढचे टायर कसल्याशा पत्र्याच्या तुकड्याने कडेला चिरले होते, आणि कळमनुरी मागे टाकून नांदेडच्या वाटेवर, चैत्राच्या उन्हात, ती गुडघा टेकलेल्या बैलासारखी एका अंगाला झुकून उभी होती. मागे त्याची पत्नी रूपाबाई सुजलेले पाय सीटवर घेऊन बसली होती. नांदेडच्या दवाखान्यात आज तिची डायलिसिसची पाळी. उशीर झाला तर मशीन दुसऱ्या रुग्णास देतात, आणि मग दोन रात्री तिला आडवे होता येत नाही, श्वास घशाशी अडकतो — हे दोघांनाही ठाऊक होते, म्हणूनच त्याविषयी कोणी बोलत नव्हते.

डिकीत स्टेपनी नव्हती. हळदीची पोती वसमतच्या बाजारात नेताना जागा व्हावी म्हणून त्यानेच ती उतरवली होती, आणि तांड्यावर जड वस्तू फार काळ जमिनीवर राहत नाही. वाऱ्याने छपराचे पत्रे उडू नयेत म्हणून ती वर चढली. जॅक हळद शिजवायच्या कुकरखाली गेला, कारण कुकर एकीकडे खचत होता. त्या वेळी रूपाबाई म्हणाली होती, "काहून काढून राहिलेत? वाटंत लागंल की." त्यावर मी... होय, मी मोठ्या रुबाबाने या काचेवर बोट ठेवले होते. "आता चाकं आपल्या हातानं बदलायचे दिवस गेले."

किती गोड वाटले होते ते वाक्य उच्चारताना! आजोबा सोनाजी यांच्या बैलगाडीखाली वंगणाचा नळा लोंबत असे, जादा दोर, जुवाच्या जादा शिवळा, कुऱ्हाड — जणू सारा संसार मोडणारच आहे अशा तयारीने म्हातारा निघायचा. आणि त्या वंगणाचा काळा थेंब शाळेच्या सदऱ्यावर पडला तेव्हा सगळा वर्ग हसला होता. सोबत काहीही न बाळगता निघता येणे, ही त्याच्या दृष्टीने माणूस वर आल्याची खूण होती.

त्याने पुन्हा फोन लावला.

"सर, आपकी मदद के लिए आदमी निकल चुका है."

"निकला तो किधर तक आया?"

"बालापुर पहुँच रहा है सर. अकोला डिस्ट्रिक्ट."

"वो बालापुर नहीं, बाई! आखाडा बालापुर. हिंगोली जिल्हा!"

"ओके सर. दूसरा आदमी निकल रहा है. आप गाड़ी के पास ही रहिए, नहीं तो रिक्वेस्ट कैंसल हो जाएगी."

आवाज विलक्षण मृदू होता. त्या मृदुतेवर रागावता येईना. त्याने मागे वळून सांगितले, "माणूस येऊन राहिला."

रूपाबाईने मान हलवली, आणि पदराच्या गाठीतून नव्हे, पिशवीच्या कप्प्यातून स्वतःचा मोबाईल काढला. "युसूफभाऊ, कुठं आलात? ...व्हय, मी म्हणलं तसंच झालं. वाटंतच हाव आमी."

मी म्हणलं तसंच. हे तिने कधी म्हटले? कोणत्या दिवशी?

युसूफची काळी-पिवळी जीप आली ती बायाबापड्यांनी भरलेली. तो उतरला, चाकाकडे पाहिले. "काय प्रेमदासभाऊ, स्टेपनी?"

"घरी हाय."

"घरी काय करून राहिली?"

"पत्र्यावर ठेवली."

"मंग पत्राबी आणायचा होता की!" जीपमधल्या बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. युसूफ लगेच ओशाळला. "माझी दिली असती, पण तुमच्या गाडीला बराबर बसत न्हाई. भाभीनं कालच सांगून ठेवलं होतं, पुढची शीट मोकळी ठिव म्हणून. तुमी मागं उभं राहता का लटकून?"

प्रेमदासने गाडीकडे पाहिले. "माणूस येऊन राहिला ना..."

"राहू द्या त्यांना," रूपाबाई म्हणाली. स्वरात राग नव्हता. शाल, पाण्याची बाटली, दवाखान्याची फाईल, फडक्यातली भाकरी, सगळे एका पिशवीत आधीच बांधलेले होते. ती सावकाश पुढे जाऊन बसली.

"मी घ्यायला येतो," तो म्हणाला.

"येतानाचंबी सांगितलंय त्यांना."

जीप गेली. धूळ खाली बसली. तो तिच्या जागेवर जाऊन बसला. रेक्झीन अजून ऊबदार होते — की उन्हाचेच ते? तिचा श्वास, ती पाळी, ते मशीन, यांची काळजी करावी म्हणून त्याने मन एकाग्र केले. पण काळजी येईचना. मागल्या खेपेस दवाखान्याच्या फाटकाशी युसूफ चहा पीत उभा होता, सहजच... त्याच्या आधी पावसाळ्यात, सहजच... ते सारे सहज आता एकेक करून त्याच्यासमोर येऊन बसू लागले. म्हणजे इतके दिवस गाडी मी चालवीत होतो आणि ती मनात दुसऱ्या गाडीचा विचार करीत, खिडकीतून बाहेर पाहत, शांत बसत होती.

फोन वाजला. तोच मृदू आवाज. माणूस जवळ आला आहे. सर, आप वहीं हैं ना?

"हाव. इथंच हाव," तो म्हणाला.

ती वेळेत पोहोचेल, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. आणि ती शंकाच नसल्यामुळे आत जे रिकामे झाले होते त्यात बसून, आयुष्यात पहिल्यांदाच, ज्याची कोणी वाट पाहत नाही असा माणूस कसा बसत असेल, तसा मी बसून राहिलो...