कांडपवालीचा खोकला

"आई, मिरचीच गेली हो घशात," पदर तोंडात कोंबत रुपाली म्हणाली.

मी लसूण सोलत होते. हात थांबला. मंडईमागच्या आमच्या मिरची-कांडपाची मोटर जळून आज नववा दिवस. यंत्राला कुलूप. मग हिच्या घशात मिरची आली कुठून?

तीस वर्षं मी त्या यंत्रापाशी बसले. आमच्या धंद्यात खोकणारीला कच्ची म्हणतात. गिऱ्हाईक शिंकून बेजार झालं तरी आपण पापणी हलवायची नाही. रुपाली सून म्हणून आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "खोकायचं असेल तर साखरेचं दुकान बघ." गेला महिनाभर ती खोकत होती आणि मी तेच ऐकवत होते. मग ती दाबायला लागली. यंत्र घरघरायला लागलं की त्या आवाजात खोकून घ्यायची.

"चप्पल घाल," मी म्हटलं.

"कुठं?"

"माहेरी सोडते. दवाखान्यात, आणखी कुठं!"

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई अगदी पोरसवदा. संध्याकाळी अंग तापतं का, वजन उतरलं का, एकेक विचारत गेली. रुपाली सगळ्याला मान डोलवत होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका घरात राहून.

"दोन आठवड्यांवर खोकला गेला की दाखवायचं असतं. एवढा उशीर का केला?"

"मीच कंटाळा केला," रुपाली म्हणाली.

"खोटं बोलतेय ती. मिरचीचा खोकला म्हणून मीच येऊ दिलं नाही. माझं नाव लिहा तिथं."

डॉक्टरीणबाई हसली. "नाव नको, आजी. छातीचा फोटो काढू, थुंकी तपासू. क्षय निघाला तरी बरा होतो. फक्त गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत."

"सोडून तर बघू दे," मी म्हटलं.

थुंकीसाठी डबी मिळाली. बाहेर मोकळ्या हवेत जाऊन, खोल श्वास घेऊन खोकायचं. रुपाली भिंतीपाशी उभी राहिली. तोंड उघडेना.

"आई, तुम्ही जरा तिकडं जाता?"

"नाही जात. खोक."

तिनं चोरट्यासारखा घसा खाकरला.

"असं नाही गं. पोटातून. मोठ्यानं."

मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. फासळ्या हाताला लागल्या. मग ती खोकली. वाकून, अख्ख्या अंगानं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

मी त्यांच्याकडे एकदाच बघितलं. त्यांनी माना फिरवल्या.