नागीण नव्हती

“परत गेरू कुणी फासला?” सकाळी ड्यूटीवर येताच मी कडाडले. छबूबाईंच्या पाठीवरच्या उघड्या जखमांत लाल लगदा वाळून बसला होता. चिकटपट्टी लावली तरी कातडी निघते, म्हणून तीन आठवडे नुसतं मऊ जाळीचं कापड अंथरून मी ती पाठ सांभाळली होती. सगळं मातीत गेलं!

“म्या फासला,” त्यांचा मुलगा अजिनाथ म्हणाला. “नागीन हाय ती. तोंडाला शेपूट भिडायच्या आत उतरवायला लागती. तिसगावचा जानकार आनला हुता. तुमच्यानं काय हुतंय?”

“नागीण नाही, दहादा सांगितलं. कातडीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. यांचं शरीरच ते सांधे तोडतंय. औषधाला वेळ लागतो, आणि तुम्ही त्यात माती कालवता!”

“सांधे कुनी बघितले?”

“तपासणीत दिसले.”

“आमाला न्हाई दिसले. आईला घरी नेतो. कागद आना.”

असा राग आला, कानाखाली जाळच काढावा. घरी नेलं तर जखमा चिघळून आठवड्यात बाई जाईल, असं डॉक्टरांनी येऊन तोंडावर सांगितलं. तरी यानं सही ठोकली.

“मावशी, तुम्ही सांगा ना. राहायचंय ना तुम्हाला?”

“ऱ्हायचंय गं जहिरा. जगायचंय बी. पन त्यो कुनाचं ऐकतोय?”

“चल आये, टेम्पो थांबलाय,” म्हणत त्यानं त्यांचं मनगट धरलं.

“ओढू नका! चादरीसकट उचला!” मी ओरडेपर्यंत त्यानं हिसका दिला होता. मनगटाची कातडी सरकून त्याच्या मुठीत आली.

तो तसाच उभा राहिला. मी त्याला फाडून खाणार, तेवढ्यात छबूबाई म्हणाल्या, “वरडू नगंस त्याच्यावर. लई न्हाई दुखलं. हात धुवायला पानी दे त्याला.”

बेसिन समोरच होतं, पण त्याला दिसेना. मी मगानं त्याच्या हातावर पाणी ओतलं. त्यानं ते चोळून धुतले.

“चादर कशी धरायची?” त्यानं विचारलं.

म्हणजे नेणारच होता. मी डोक्याकडची टोकं धरली, त्यानं पायाकडची, आणि आम्ही दोघांनी छबूबाईंना खाली नेऊन टेम्पोत ठेवलं.