चार बोटं कापड

"यासीनभाई, इस बार कागज पक्का लाया हूँ," म्हणत हुसेनमियाँनी कफिलाच्या, म्हणजे आपल्या अरब मालकाच्या, सहीशिक्क्याचं पत्र टेबलावर ठेवलं.

शराफिया भागातल्या त्या दुकानात हैदराबादचा यासीन लोकांचे सरकारी अर्ज भरून देई. हुसेनमियाँ पलीकडच्या गल्लीतले शिंपी, मूळचे रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं सौदीतल्या जेद्द्यात तोब, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवत होते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता माप सांगायचे, आणि ते चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तोच विश्वास त्यांना जगातल्या बाकी गोष्टींबद्दलही होता, हीच काय ती अडचण.

इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नवा करायचा तर बायको आणि दोन मुलं, प्रत्येकामागे महिन्याला चारशे रियाल सरकारी फी, वर्षाची एकदम भरायची. लोक तयार तोब घ्यायला लागल्यापासून यंदा कसेबसे दोघांचेच पैसे जमत होते. तेवढ्यात इंग्लंडातल्या लेस्टरहून साडूचा फोन आला: तिकडे छोट्या धंदेवाल्याची कमाई कमी असेल तर सरकार उलट पोरांमागे पैसे देतं! देणं राहू दे, इथे सूट तरी असणारच, असं मियाँनी ठरवून टाकलं आणि कमी कमाईचं पत्र लिहवून आणलं.

यासीन हसला नाही. "मियाँ, वहाँ बच्चे पे मिलता है, यहाँ बच्चे पे लगता है. कमाई कोई नहीं पूछता."

"तो बेटी को छह महीने गाँव भेज दूँ?"

"इकामा चालू, तो मीटर भी चालू. बंद करना है तो खुरूज निहाई." म्हणजे कायमचं जाण्याचा शिक्का.

घरी बायको शरीफा म्हणाली, "शाहिद अजून बारका हाय, त्याला सोडून मी कशी जाऊ? झेबाला माझ्या भावाकडं ठेवूया."

तेरा वर्षांची झेबा मोबाइलमधून वर बघत म्हणाली, "इट्स ओके, अब्बा. वहाँ मेरे लिए किसी को फीस नहीं भरनी पड़ेगी."

मियाँ मोठ्यानं म्हणाले, "एका वर्साचा तर सवाल हाय! पुढल्या साली नवा व्हिसा काढून आणतो का नाय बघ."

मामानं तिथल्या शाळेच्या गणवेशाचा फोटो पाठवला. दुकानातलं सगळं काम बाजूला सारून मियाँनी आधी तो शिवायला घेतला. टेप लावलाच नाही. झेबानं घालून दाखवला तेव्हा खांद्यापासून मनगटापर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. दोन दिवसांनी तिचं विमान होतं.

बॅग भरताना शरीफानं कुडता उलटा केला. खालची पट्टी जाड लागली. आत बरंच कापड दुमडलेलं होतं.

"ह्या एवढा कशाला ठेवलाव?"

"पोर वाढंल ना. मामीस सांग, दर साली थोडा थोडा उसवायचा."

शरीफानं दुमड मोजली. चार बोटं. झेबा वर्षाला दोन बोटं वाढत होती, आणि मियाँ तर एकाच वर्षाचा सवाल म्हणाले होते. कुडत्याची नीट घडी घालून तिनं तो बॅगेत सगळ्यात वर ठेवला.