सोडवणीची चाल

पंकजच्या गिटारला एक खोड होती. वायर अँपला जोडली रे जोडली, की कोणी हात लावायच्या आधीच ती घुंऽऽ करायला लागायची. हळदीच्या कार्यक्रमात त्याची बँजो पार्टी जोरात असली की ढोलाच्या दणक्यात ते खपून जायचं. पण दोन गाण्यांच्या मध्ये सगळे गप्प झाले की पोरं खिदळायची. "पंक्या, तुझ्या गिटारीत भुंगा शिरलाय!" हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

गिटार त्याने जव्हारच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतली होती. तिच्या तारा इतक्या उंच की लग्नसराई संपेपर्यंत बोटांची सालटी निघायची. वरच्या अंगाला एक सूर दाबावा तर निघायचा भलताच. तरी याच खटाऱ्यावर पंकजने एक गोष्ट जमवली होती, जी त्याच्या साखरशेत गावात दुसऱ्या कोणाला सुचलीही नव्हती. तो तारप्याच्या चाली गिटारवर वाजवायचा.

त्या चाली जिवाकाकाच्या होत्या. जिवाकाका पंकजच्या बापाचा थोरला चुलतभाऊ. तारपा फुंकण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या पाड्यांत कोणी नव्हता. दुधी भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं ते वाद्य फुंकायला नुसता जोर असून भागत नाही. गाल फुगलेले ठेवून नाकाने श्वास घ्यावा लागतो, म्हणजे आवाज कुठेच तुटत नाही. आवाज तुटला नाही की पाय तुटत नाहीत आणि कमरेला हात घालून नाचणाऱ्यांचा गोल फिरत राहतो. जिवाकाकाने हे उभं आयुष्य केलं. पण पोटासाठी खडीच्या क्रशरवरही पुष्कळ राबला, आणि तिथली धूळ छातीत जी बसली ती बसलीच. आता अंगणातून ओट्यापर्यंत आला तरी त्याला धाप लागायची. तारपा बंद झाला. मग तो चाली तोंडाने गुणगुणून पंकजला द्यायला लागला, कारण मागायला दुसरं कोणी आलंच नव्हतं.

एक सोडून सगळ्या दिल्या. ती एक म्हणजे सोडवणीची. जिवाकाकाच्या घरातली रीत अशी, की गोल धरला तो सोडवणीच्या चालीनेच सोडायचा. ती चाल पुरी झाल्याशिवाय बाईने बाईची कंबर सोडायची नाही. काकाचा तारपा थांबल्यापासून साखरशेतात गोल धरला जाई, पंकज गिटार वाजवी, आणि शेवटी सगळे नुसतेच पांगत. म्हाताऱ्या बाया कुरकुरत घरी जायच्या. या वर्षी मात्र काका आपणहून म्हणाला होता, "भात झोडून होऊं दे. मंग देतो तुला."

पंकजला वाटलं, इतकी मानाची चाल या कुरकुरणाऱ्या गिटारवर घ्यायची? काही लाज आहे की नाही? लग्नसराईचे पैसे गाठीशी होते. तो नाशिकच्या एसटीत बसला.

नाशिकला गिटार दुरुस्त करणारा मुकेश नावाचा माणूस होता, पार्टीतल्या कीबोर्डवाल्याने सांगितलेला. त्याच्या दुकानात भिंतीभर चकचकीत गिटारी टांगलेल्या, आणि कॉलेजची दोन पोरं एक घेऊन काहीतरी भन्नाट वेगात वाजवत होती. पंकजने आपली गिटार पोत्यातून काढली तेव्हा त्याला उगाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुकेशने मात्र ती नीट हातात घेतली, डोळ्यापाशी धरून तिची मान बघितली. "मान वाकलीय थोडी. मानेवरच्या पट्ट्या झिजल्यात. आणि ही घुंघुं करतात ती पिकअप. तारांखालचे हे लोहचुंबक, तार थरथरली की ते पकडतात आणि अँपला पोचवतात. तुझी पिकअप इकडची तिकडची विजेची कुरकुरही पकडतात. दुहेरी तारेच्या गुंडाळीची बसवू, ती गप्प असतात." मग त्याने विचारलं, "वाजवतोस काय तू? त्याप्रमाणे लावून देतो."

पंकजच्या तोंडावर आलं होतं, तारपा. पण ती दोन पोरं वाजवायचं थांबवून त्याच्याकडेच बघत होती. "हिंदी गाणी," तो म्हणाला. "सगळे वाजवतात तीच. फक्त ती घुंघुं पार घालवा. सूर संपला की चिडीचूप पाहिजे."

मुकेशने सांगितलं तसंच केलं, आणि जीव लावून केलं. पंकज गिटार घ्यायला परत गेला तेव्हा मान सरळ झाली होती, पट्ट्या घासून एकसारख्या, तारा खाली बसलेल्या, प्रत्येक सूर जिथल्या तिथे. बोट नुसतं टेकवलं की सूर खणखणीत निघे आणि लांबवर टिके. हात ठेवला की शांत. पंकजच्या डोळ्यांत पाणीच आलं. परतीच्या एसटीत मोखाड्यापर्यंत त्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली नाही.

भाताची झोडणी उरकली होती. दुपारी जिवाकाका अंगणात उन्हाला बाजेवर बसला होता. हौशीकाकी, त्याची बायको, सुपाने भात पाखडत होती आणि हाताखाली आलेल्या शेजारच्या बाया टेकल्या होत्या. पंकजने घरातून वायर ओढून अँप लावला. अँपने हूं की चूं केलं नाही. त्याने ऐटीत सगळ्यांकडे बघितलं आणि नाचाची नेहमीची चाल सुरू केली.

दोन बाया हौसेने उठल्या, हातात हात घातले. पाच-सहा पावलं टाकली आणि अडखळल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळल्या.

"थांब," जिवाकाका म्हणाला. "तू मधी मधी कुठां जातस?"

"कुठां म्हंजे? हितंच हाय की."

"एक सूर देतस, मंग जातस. मंग परत येतस. मधी कोणीच नाय."

"खरां हाय," हौशीकाकी म्हणाली. "पाय उचलला, आन् टेकवाया जावां तर खाली आवाजच नाय."

काकाने मान हलवली. "पहिली घुमत व्हती. तिचा दम तुटत नव्हता. मी म्हणां, गिटार असली तरी जात तारप्याची हाय. म्हणून तर तुला चाली दिल्या." तो थोडा थांबला, धाप आवरली. "ही दम खाते, पोरा. हिच्यावर सोडवण नाय व्हायाची. गोल मधीच तुटला तर कोण जोडंल?"

पंकज मटकन खाली बसला. ज्या आवाजासाठी पोरांनी त्याची टर उडवली, तोच आवाज या म्हाताऱ्याला तारप्याचा श्वास वाटत होता. आणि तो आपण हौसेने काढून टाकला. यात मुकेशचा काडीचा दोष नव्हता. त्याने विचारलं होतं.

"काका," तो म्हणाला, "त्यानं विचारलां व्हतां काय वाजवतोस. मी तारप्याचं नाय सांगितलां. माना लाज वाटली."

"माझी?" जिवाकाकाने विचारलं.

काकीचं सूप थांबलं.

"उद्याच्या गाडीनं जातो," पंकज म्हणाला. "जुनी पिकअप परत बसवून आणतो."

"जा की," हौशीकाकी म्हणाली. "आन् तवर ह्याच्या छातीला थांब म्हणून कोण सांगल? आज उन्हाला येऊन बसला हाय, आजचां बघ."

जणू तिचं म्हणणं खरं करायलाच काकाला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत पंकज त्याच्या पाठीकडे बघत राहिला. हाडं मोजता आली असती. मग त्याने गिटार पुन्हा मांडीवर ओढली.

सगळ्यात जाड तार त्याने अंगठ्याने छेडली. पूर्वी ही तार दोन क्षण खरखरून मरायची. आता ती टिकत होती. ती विरायच्या आत त्याने पुन्हा छेडली, मग पुन्हा. अंगठा चालू ठेवून उरलेल्या बोटांनी त्याने चाल काढायला घेतली. चाल आली की अंगठा चुके, अंगठा सांभाळला की चाल पळे. एक बाई फिसकन हसली. पंकज घामाघूम झाला, पण तारा आता खाली होत्या, बोटांना फार दाबावं लागत नव्हतं, आणि हळूहळू अंगठ्याला त्याची वाट सापडली. जाड तारेचा आवाज खालून सलग वाहायला लागला.

जिवाकाकाने डोळे मिटले. मग तो गुणगुणायला लागला. ही चाल पंकजने कधीच ऐकली नव्हती. त्याने बोटं उचलली, फक्त अंगठा चालू ठेवला आणि जीव कानांत आणून ऐकायला लागला.

एक ओळ झाली, दुसरी अर्ध्यात आली आणि काकाचा दम तुटला. बाकीच्या चाली देताना नेहमी इथेच त्या दिवसाचं सगळं संपायचं. एकदा चाल अर्ध्यात तुटली की तो हात झटकायचा आणि दिवसभर पुन्हा तोंड उघडायचा नाही. आत्ताही त्याचा हात वर आला. पण गिटार थांबली नव्हती. तो हात तसाच राहिला. काकाने छाती भरून श्वास घेतला, कुठे सोडलं होतं ते क्षणभर ऐकलं, आणि तिथूनच पुढे धरलं.

हौशीकाकीने सूप खाली ठेवलं. उठून तिने शेजारणीच्या कमरेला हात घातला, दुसरीने तिसरीच्या. छोटासाच गोल, भाताच्या राशीला वळसा घालून फिरायला लागला. काका थांबे, खोके, श्वास घेई. त्याच्या प्रत्येक थांब्याखाली पंकजचा अंगठा चालू असे, आणि बायांचे पाय चुकत नसत. पुढच्या ओळींना बोटंही सूर चाचपडत काकाच्या मागोमाग जाऊ लागली. चाल वर गेली, वळली, सावकाश खाली उतरली आणि संपली.

बायांनी एकमेकींच्या कमरा सोडल्या.

"शेवटाला पोचलो," जिवाकाका म्हणाला. तो हसत होता. "किती वर्सांनी पोचलो रं."

पंकजचा अंगठा अजून तार छेडतच होता. थांबायचं हे त्याला कळत होतं, पण डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. हौशीकाकीने जवळ येऊन त्याचा हात धरला.

"सोड रं आता," ती म्हणाली. "गोल सुटला."