टेपखालचा लाल दिवा

करंगळीच्या नखाएवढा मी. एका जुन्या गाडीत, स्टिअरिंगमागच्या काचेआड माझं घर आहे. अंगावर तेलाच्या बुधलीचं चित्र आणि तिच्या तोंडाशी एक थेंब. काही जण मला चहाची किटली समजतात. समजोत बापडे! मित्रांनो, मी आहे इंजिनातल्या तेलाचा राखणदार. बाकीचे दिवे पेटले की घर उजळतं, पण माझं सगळं उफराटं. मी विझलेला असलो तरच समजायचं, सगळं ठीक आहे.

माझ्या शेजारी बॅटरीचा दिवा राहतो, पलीकडे हँडब्रेकचा आणि कोपऱ्यात तापलेल्या इंजिनाचा. किल्ली अर्धी फिरली की आम्ही सगळे एकदम उजळतो. वर्गात हजेरी देतात ना, तसं. इंजिन सुरू झालं की मी गुपचूप डोळे मिटतो. माझ्या पहिल्या मालकीणबाई शाळेत शिकवायच्या. हजेरी घेतल्याशिवाय त्यांनी गाडी कधी जागची हलवली नाही. "आहात का रे सगळे?" असं त्या रोज म्हणायच्या. त्या शब्दांवर मी बारा वर्षं काढली.

त्यांच्यानंतर आला एक घाईचा माणूस. तोवर तेलाचा दाब मला कळवणारा इंजिनावरचा स्विच म्हातारा झाला होता. तो भलतंच कळवायचा आणि मी उगाच लुकलुकायचो. एकदा, दोनदा, दहादा.

"स्विच बदलावा लागेल साहेब, उद्या गाडी सोडा," गॅरेजवाला म्हणाला.

"उद्या कुणाला वेळ आहे? डोकं उठवलंय त्यानं. झाकून टाक!"

काच उघडली. काळ्या टेपचा एक तुकडा माझ्या तोंडावर बसला आणि काच पुन्हा लागली. मी खोटं बोललो होतो, हे मला कबूल आहे. पण त्या दिवसापासून माझं खरं-खोटं विचारणारंच कुणी उरलं नाही. आत पेटायचं, आतच विझायचं. अंधार पांघरायचा, अंधार उशाला घ्यायचा.

मग ही गाडी एका लेकीनं घेतली. ती पडदे शिवते. तिचे बाबा घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची बंद पडलेली घड्याळं चालती केली. आता त्यांची मूत्रपिंडं थकलीत. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यावं लागतं. त्यासाठीच तर ही गाडी. मी पुष्कळ हात स्टिअरिंगवर पाहिलेत, पण तिच्यासारखे नाहीत. बाबांचा डोळा लागला असला तर ती खड्डा असा चुकवायची, की त्यांची मान हलू नये. बाबा खाली येण्याआधी एका दमात किल्ली फिरवून गाडी सुरू करून ठेवायची तिची सवय. त्यामुळे आमची हजेरी कुणी पाहिलीच नाही.

उन्हाळा आला. इंजिनाखालच्या बोल्टचं सील फाटलं आणि थेंब थेंब तेल गळू लागलं. एका सकाळी, दवाखान्याच्या वाटेवर, मी पेटलो. या वेळी खरा पेटलो! टेपखालून जीव तोडून ओरडलो. गाडी पुलाखालच्या सावलीत शिरली. उन्हानं टेपचा एक कोपरा सुटला होता. तिथून माझी केसाएवढी लाल रेघ बाहेर आली.

घड्याळजींची नजर ती! "थांबव गाडी," बाबा म्हणाले.

"का हो?"

"काचेआड लाल दिसतंय. काहीतरी झाकलंय तिथं."

लेकीनं सुस्कारा सोडला. "बाबा, परवा पोटात दुखत होतं. त्याच्या आदल्या खेपेला नर्सबाईंचा आवाज आवडत नव्हता. आज दिवा का?"

"ढोंगं करतो मी, कबूल. पण दिवा कशाला ढोंग करेल?"

मित्रांनो, मी शरमेनं आणखी लाल झालो.

"उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात, माहिताय ना?" ॲक्सिलरेटरवरून तिचा पाय काही हलेना. पुढे चढ दिसत होता.

"मग मला टॅक्सीत बसव," बाबा म्हणाले. "एकटा जातो, गपगुमान जातो. तू मात्र इंजिन बंद कर, बाळा."

डायलिसिस चुकवू पाहणारा माणूस असं बोलत नाही. तिनं गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. बाबांनी कप्प्यातलं जुनं माहितीपुस्तक काढलं, भिंग लावलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. थोडं थांबा. तेल मोजायची पट्टी ओढा, पुसा, परत बुडवा, मग बघा. लेकीनं पडद्याच्या चिंधीनं पट्टी पुसली. दुसऱ्यांदा काढली, तर खालच्या खुणेलाही तेल नव्हतं. टोकाला काजळाच्या तिटीएवढा ठिपका, बस्स.

ती बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून क्षणभर उभी राहिली. मग टॅक्सी आली आणि बाबा खरंच गपगुमान गेले.

लेकीनं बोलावलेल्या मिस्त्रींनी गाडी ओढून नेली. त्यांनी सील बदललं, स्विच नवा बसवला, तेल भरलं. काच उघडून टेप खरवडला. "तो चढ चढला असतात ना ताई, तर इंजिन जाम! गाडी भंगारात," ते म्हणाले. "आणि वर याचीच मुस्कटदाबी!" किल्ली अर्धी फिरली आणि मी उजळलो. इंजिन सुरू झालं आणि मी विझलो. विझण्यात एवढं सुख असतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

दुपारी आम्ही बाबांना आणायला गेलो. ते शेजारी बसले. लेकीनं किल्ली अर्धीच फिरवली आणि थांबली.

"एक, दोन, तीन, चार," बाबांनी मोजलं. माझ्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, जिना चढताना चार दिवस छातीत आवळल्यासारखं होतंय. तुला सांगितलं नव्हतं. आधीच तुझ्यामागे काय कमी आहे."

लेकीनं किल्ली काढून घेतली. "उतरा."

"आता घरी जाऊ, उद्या..."

"उद्या नाही. आत्ता. डॉक्टर अजून आत आहेत."

तिनं दार उघडून हात पुढे केला. बाबांनी तो धरला. दोघं सावकाश दवाखान्याच्या पायऱ्यांकडे गेली, दर पायरीवर थांबत. मी काचेतून त्यांची पाठ पाहत राहिलो. असली माणसं बघायला मिळाली, म्हणून मी माझ्या अंधाराच्या वर्षांनाही माफ केलं.

मित्रांनो, मी लहानसा दिवा. मला पुसून चकचकीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो: कुणी लाल झालं, मग तो दिवा असो की माणूस, तर त्याच्या तोंडावर टेप लावू नका. क्षणभर थांबा आणि विचारा, "काय होतंय रे तुला?"